'पुन्हा एकदा सांग' म्हणणारी एडिथ

एडिथ,

तू गेलीस त्याला आज दहावा दिवस, आणि माझा राग अजून तसाच आहे. माणूस गेल्यावर राग निवतो असं सगळे म्हणतात. त्यांची तुझ्याशी कधी गाठ पडलेली नाही. तुझं पान बॅकयार्डमध्ये वाढून ठेवलंय. पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि बिनसाखरेची काळी कॉफी. मी काचेच्या दाराआड डायनिंग टेबलाशी बसून हे लिहितेय. बाहेर सकाळीच जीव नकोसा करणारं ऊन आहे, आणि पानाला अजून कोणी शिवलेलं नाही.

इंग्रजीत आपलं बरं चाललं होतं. तू इथली नावाजलेली कवयित्री, माझ्या आईहून वयाने मोठी, तरी पहिल्या दिवसापासून मी तुला नुसतं 'एडिथ' म्हणत आले. मराठीत लिहायला बसले आणि हात अडखळला. आमच्याकडे येणाऱ्या तुझ्या वयाच्या सगळ्या बायकांना मी मावशी म्हणते, अहो-जाहो करते. पण जिच्याशी कडकडून भांडायचंय तिला अहो कसं म्हणणार? म्हणून तू. आणि मराठीत एवढ्यासाठीच, की तुला ते वाचता येणार नाही. माझी एक तरी गोष्ट तुझ्या हाती लागायला नको.

पेपरात तुझ्यावर बरंच छापून आलंय. फोटो तरुणपणचा, हातात सिगारेट, जगाला उचलून आपटायला निघाल्यासारखा चेहरा. महायुद्धानंतरच्या पिढीतली तू, स्वतःचं आयुष्य तू कवितेत उघडं करून ठेवलंस, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय. स्वतःचं? अगं बाई गं! पहिल्या पुस्तकात आई आणि युद्धात गेलेला भाऊ. दुसऱ्यात आजारी मुलगी. तिसऱ्यात सोडून गेलेला नवरा, त्याच्या खाजगी बोलण्यासकट. मग कितीतरी वर्षं नुसतं शिकवणं, आणि म्हातारपणी शेवटच्या पुस्तकात मी. तू स्वतः त्यात कुठे होतीस? तू सगळीकडे पडद्यामागे उभी राहून ऐकत होतीस.

तशी ऐकायचीस मात्र छान. म्हणून तर फसले.

आपली ओळख झाली तेव्हा मी अमेरिकेत, या शुगर लँड गावात नवीन होते. अविनाशची नोकरी एनर्जी कंपनीत, आणि मी डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लावलेली शेपूट. नोकरी करायची परवानगी नाही, ड्रायव्हिंगची भीती, मुलगा शाळेत. नागपूरला कॉलेजात मराठी शिकवणारी बाई इथे दिवसभर कपड्यांच्या घड्या घालत बसायची. त्या दुपारी लायब्ररीत गेले ती एसीसाठी. आतल्या खोलीत तुझी कवितेची कार्यशाळा चालली होती. फुकट होती, म्हणून मागच्या खुर्चीवर टेकले.

तू तुझी जुनी इस्त्रीची कविता वाचलीस. भाऊ युद्धात गेल्याची तार आल्यानंतरही तुझी आई दर सोमवारी त्याच्या शर्टांना इस्त्री करून हँगरला लावते, आणि पुढच्या सोमवारी तेच न घातलेले शर्ट पुन्हा काढते. बस, एवढीच कविता. कुठे रडणं नाही, देश नाही, शौर्य नाही. वाचून झाल्यावर तू विचारलंस, कोणाला काही बोलायचंय? सगळे गोरे म्हातारे गप्प. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी म्हणाले, "कपड्यांवर पाणी नाही शिंपडत का तुमच्याकडे? माझी आई वाटीत बोटं बुडवून शिंपडायची. पाणी इस्त्रीखाली चुर्र करायचं, मग ती समाधानाने मान हलवायची."

तू चष्मा वर केलास आणि म्हणालीस, "पुन्हा एकदा सांग."

मला वाटलं, म्हातारी आहे, ऐकू कमी येत असेल, वर माझे उच्चार. मी सावकाश, हाताने शिंपडून दाखवत पुन्हा सांगितलं. पुढे तुझ्या समग्र कविता आल्या तेव्हा इस्त्रीच्या त्या कवितेत, इतकी वर्षं छापलेल्या, शाळांत शिकवलेल्या कवितेत, तुझी आई वाटीत बोटं बुडवत होती. माझ्या आईची बोटं! तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. अविनाशला दाखवलं, इथल्या मराठी मंडळाच्या काकूंना दाखवलं. आपली आई अमेरिकन कवितेत गेली म्हणून मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

तुझं 'पुन्हा एकदा सांग' म्हणजे काय असतं ते मला फार उशिरा कळलं. माणूस बोलत असताना तू काही लिहून घ्यायची नाहीस. लिहिलं की समोरचा सावध होतो, हे तुला पक्कं ठाऊक. तू फक्त परत सांगायला लावायचीस. पहिल्यांदा माणूस गोष्ट सांगतो. दुसऱ्यांदा त्यात आठवेल तेवढा तपशील भरतो. तिसऱ्यांदा, जे सांगायचं नसतं तेही सांगून बसतो. कान तुझे ठणठणीत होते. तुझ्या त्या जुन्या खटारा गाडीत, हायवेवर दोन लेनच्या मधोमध चालवत असताना, मी मागच्या सीटवर पुटपुटलेली शिवीसुद्धा तुला ऐकू जायची.

दिलंस ते नाकारत नाही. फॉर्मवर माझ्या नावापुढे 'डिपेंडंट' लिहिलेलं असायचं त्या काळात तू मला चारचौघांत 'ही लेखिका' म्हणायचीस, आणि म्हणताना तुझा आवाज जराही हलायचा नाही. माझ्या कवितांचं मी इंग्रजी करून आणायचे. तू पेन्सिलीने 'हृदय' खोडायचीस, 'आकाश' खोडायचीस, 'शाश्वत' तर वाचायच्या आत खोडायचीस. "घरात काय होतं ते लिही," म्हणायचीस. "टेबलावर काय होतं?" मी चिडून म्हणायचे, "टेबल नव्हतं. आम्ही जमिनीवर बसून जेवायचो." त्यावर लगेच, "पुन्हा एकदा सांग."

तुझ्या पंधराएक कविता मी मराठीत आणल्या. मंडळाच्या कार्यक्रमात इस्त्रीची कविता वाचली तेव्हा एक रिटायर्ड डॉक्टर काका उठून म्हणाले, "अहो, पण कपडे इस्त्री करण्यात कसली आलीय कविता? धोब्याकडे टाकायचे ना!" सगळा हॉल हसला. मी तुला फोन करून सांगितलं तर तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. म्हणालीस, इतक्या वर्षांत माझ्या कवितेवर कोणी इतकं प्रामाणिक बोललं नव्हतं. त्या दिवशी मला तू फार आवडली होतीस.

मग आई गेली.

आमच्या ग्रीन कार्डाची कागदं तेव्हा मधेच लटकलेली. आता देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येईल याची खात्री नाही, असं वकिलाने सांगितलं. दादा म्हणाला, "नको येऊ अंजू, तिकडचं सगळं विस्कटेल, मी आहे ना इथे." मी आईला फोनच्या पडद्यावर जाताना पाहिलं. मधेच रेंज गेली आणि पडदा अडकला. त्या अडकलेल्या चित्रात दादाचा नुसता खांदा होता.

दहाव्याला दादाने घाटावर पिंड ठेवला आणि लगेच फोन केला. "शिवला गं कावळा. ठेवताक्षणी शिवला. आईचं काही राहिलं नव्हतं बघ." त्याच्या आवाजात केवढा सुटकेचा श्वास होता. आणि मी मात्र मनात विचारत होते. काहीच राहिलं नव्हतं? माझ्यात सुद्धा नाही? पोरगी सातासमुद्रापार अडकली, शेवटचं तोंड पाहिलं नाही, आणि तरी आई मुकाट्याने तृप्त होऊन निघून गेली?

मी कोणाला न सांगता इथे वेगळं पान वाढलं. वरणभात, पाटवडी, लिंबाचं लोणचं. बॅकयार्डच्या कुंपणाशी ठेवलं. कावळे इथे फारसे फिरकत नाहीत. आमच्या भागात राज्य ग्रॅकलचं. काळा, लांब शेपटीचा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी, आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये लोकांच्या हातातले फ्राइज पळवतो. इतका हावरट. पण त्या दिवशी कुंपणावर ओळीने बसले आणि एकही खाली उतरेना.

आणि मला बरं वाटलं, एडिथ. हे मी जगात फक्त तुला सांगितलं होतं. पान तसंच राहिलं म्हणून मला बरं वाटलं. आईचं काहीतरी राहिलंय, आणि ते माझ्यापाशी राहिलंय. कावळा शिवत नसला की आमच्यात गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून मोठ्याने कबूल करतात, अमुक करीन, तमुक करीन म्हणून. मी उन्हात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आई, मी परत येते. कायमची येते. कागदं झाली की येते." थोड्या वेळाने दोन ग्रॅकल उतरले आणि पाटवडी घेऊन उडाले.

कागदं झाली. मी गेले नाही. म्हणजे जाऊन-येऊन गेले, सुट्टीला, बॅगा भरभरून. कायमची गेले नाही. मुलाची शाळा, घराचे हप्ते, अविनाशचं प्रमोशन. सगळ्यांची असतात ती कारणं.

तुला मी हे तुझ्या पोर्चवर सांगितलं. तू म्हणालीस, पुन्हा एकदा सांग. मी सांगितलं. तू परत म्हणालीस. मी पाटवडीसुद्धा समजावून सांगितली. मला वाटत होतं, ही बाई माझं दुःख धरून बसलीय. तू धरूनच बसली होतीस म्हणा.

पुस्तक आलं. तू स्वतः घरी आणून दिलंस, फीत बांधून. कवितेचं नाव 'ग्रॅकल', आणि खाली 'अंजलीसाठी'. मी उभ्या उभ्या वाचली. सगळं होतं. फोनचा अडकलेला पडदा, दादाचा खांदा, घाटावरचा कावळा, माझं ते बरं वाटणं, आणि आईला दिलेला शब्द. वर माझं नाव. तुझ्या मते तो मान होता. तू माझ्या तोंडाकडे पाहत होतीस, लहान मूल चित्र दाखवून पाहतं तशी.

आणि मला साडी नेसवली होतीस! केशरी साडी, वाऱ्यावर उडणारा पदर. अगं, मी त्या दिवशी घोट्यापर्यंतची पँट आणि अविनाशच्या ऑफिस पिकनिकचा ढगळ टी-शर्ट घातला होता. तीनदा सांगायला लावलंस, मग कपडे का नाही विचारलेस? आणि शेवट! पक्षी खातो, मुलीच्या चेहऱ्यावर ऊन पडतं, आई पोट भरून उडून जाते. तुला कोणी सांगितलं माझ्या आईचं पोट भरलं म्हणून? हा निकाल देणारी तू कोण?

अविनाशने वाचली. त्याला न विचारता, त्याच्या आयुष्याचं मी कुंपणाशी उभी राहून काय ठरवलं होतं ते त्याला तुझ्या पुस्तकातून कळलं. भर दुपारी बाहेर जाऊन त्याने गाडी धुवायला काढली. स्वच्छच होती.

दादाची मुलगी इथेच, प्लेनो शहरात नोकरी करते. तिला कोणीतरी ती कविता फॉरवर्ड केली. तिने मला मेसेज केला, 'आत्या, धिस इज सो यू!' आणि पुढे बाबांना पाठवली. कौतुकाने, बिचारीने.

दादाचा फोन आला. दादा आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोललेला नाही, तेव्हाही नाही बोलला. "अंजू, मग मी घाटावर काय करून राहिलो होतो? कावळा शिवला म्हणून सांगितलं ना मी तुला? तुझा विश्वास नव्हता, तर तेव्हाच म्हणायचं होतं." मी म्हणाले, तसं नाही रे दादा. तो म्हणाला, "आणि कायमची येते म्हणालीस ते आईला सांगितलं. ती तर गेली होती. मी होतो ना गं इथे. मला सांगितलं असतं तर मी वाट पाहिली असती. आईची खोली मोडली नसती."

त्यानंतर त्याचा फोन नाही. मी केला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतो. रिटायर झालाय तो! दिवाळीला मेसेज येतो, दोन जोडलेले हात. अख्ख्या ग्रुपला पाठवतो तोच.

मी तुझ्याकडे आले होते भांडायला, आठवतं? तू शांतपणे ऐकलंस. मग विचारलंस, "कवितेत खोटं काय आहे?"

"साडी."

"साडी पुढच्या आवृत्तीत काढते."

नाही काढलीस. आणि वर मला शिकवायला लागलीस. म्हणालीस, असलं दुःख मनात ठेवलं असतंस तर नासलं असतं, मी त्याला मीठ लावून टिकवलं, तुझ्या त्या लिंबाच्या लोणच्यासारखं. माझ्याच लोणच्याचा दाखला मला! मी म्हणाले, "लिंबं माझ्या झाडाची होती." तू म्हणालीस, "मग परत ने. मराठीत कर ती कविता. मी उसनी आणली होती असं समज. मराठीत ती तुझी होईल. साडी काढ, शेवट बदल, हवं ते कर. तुझ्या भावाला दे वाचायला."

"उसनं आणतात ते विचारून आणतात, एडिथ."

त्यानंतर आपण भेटत राहिलो, पण प्रत्येक भेटीत तू तेच काढायचीस. केलीस का? नाही. करशील का? नाही. तुला तो माझा हट्ट वाटायचा. होताच. पण नुसता हट्ट नव्हता. इंग्रजीत ती केशरी साडीतली कोणीतरी बाई आहे. तिने आईला काहीही कबूल केलं असू दे. मराठीत करायला घेतली की मला माझेच शब्द लिहावे लागतील, आईसमोर बोललेले, जसेच्या तसे. ते दादा वाचेल. ते मी वाचेन. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, पुन्हा एकदा सांग.

तुझ्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये तुझ्यासाठी पोहे आणले होते. तू दोन शेंगदाणे खाल्लेस. श्वास लागत होता. खिडकीबाहेर ग्रॅकल ओरडत होते, तू बोटाने दाखवलंस आणि हसलीस. मला हसू आलं नाही. मग तू काहीतरी म्हणालीस, अगदी हळू, एखादा शब्द असेल. मी वाकून म्हणाले, "काय म्हणालीस? पुन्हा सांग ना." तू डोळे मिटून घेतलेस. माझ्यावर पहिल्यांदाच ती वेळ आली आणि तू सांगितलं नाहीस. माफी होती का ती? का पुन्हा तेच, केलीस का? की नुसतं पाणी हवं होतं? आता हे मी कोणाला विचारू?

परवा लायब्ररीत तुझी स्मृतिसभा झाली. कॅरोल आली होती. तुझी मुलगी, तुझं दुसरं पुस्तक. साठी ओलांडलेली, रिटायर्ड नर्स, केस तुझ्यासारखेच पांढरेशुभ्र. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, आणि पाहताक्षणी मला तिच्या लहानपणची फिट, तिचे ओले कपडे, दाताखाली सापडलेली जीभ, सगळं आठवलं. ते आठवायचा मला काय अधिकार होता? तिलाही माझ्या नजरेत ते दिसलं असणार. तिला सवय असेल.

लायब्ररीतल्या लोकांना मी 'ग्रॅकल' वाचायला हवं होतं. कवितेतली बाई खुद्द वाचणार म्हणून कौतुक. मी कॅरोलला बाजूला घेऊन म्हणाले, "मला ती वाचायला जमणार नाही."

तिने कारण विचारलं नाही. "तुझं काय नेलं तिने?" एवढंच म्हणाली. हवापाण्याचं विचारावं तसं.

"माझी आई."

"माझं आजारपण," ती म्हणाली. "शाळेत ती कविता अभ्यासाला होती. माझ्याच वर्गात. बाई मला म्हणाल्या, तू किती भाग्यवान." मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाली, "मी इथे येणार नव्हते. पण घर कोणीतरी रिकामं करायला हवं ना."

मी इस्त्रीची कविता वाचली. मुद्दाम जुन्या पुस्तकातून, आपण भेटायच्या आधीच्या. तिच्यात वाटी नाही, पाणी नाही, चुर्र नाही. तुझी आई कोरड्या कापडावर इस्त्री फिरवते. माझ्या आईची बोटं मी काढून घेतली, एडिथ. कोणाच्या लक्षात आलं नाही, लोकांनी डोळे पुसले. आणि खरं सांगते, कविता तशीच जास्त चांगली आहे. कोरडीच चांगली होती. हे तुला सांगायला फोन हातात घेतला होता मी. मग आठवलं.

निघताना कॅरोलने विचारलं, "त्या कवितेत आहे ते खरंच करता तुम्ही? पक्ष्यासाठी जेवण ठेवता?"

"हो. दहाव्या दिवशी."

ती पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. "मी तिच्यासाठी असलं काही करणार नाही," म्हणाली. "मला जमणार नाही. पण कोणीतरी करावं असं वाटतं."

म्हणून हे पान. अविनाश सकाळी म्हणाला, "अगं, ती ख्रिश्चन होती ना?" मी म्हटलं, ती कुठलीच नव्हती, आणि पोह्यांना कुठे धर्म असतो. "कॉलनीच्या एचओएवाल्यांचं पुन्हा पत्र येईल, पक्ष्यांना खायला घालू नका म्हणून," म्हणाला, पण शेंगदाण्याची चटणी त्यानेच कुटून दिली.

आता ऊन पार डोक्यावर आलंय. कुंपणावर ग्रॅकल बसलेत, तसेच ओळीने. पोहे वाळून चाललेत. मघाशी अविनाश दाराशी येऊन उभा राहिला. "काय हवं होतं तिला, ते कबूल करून टाक ना. करते म्हण कविता मराठीत. सगळे म्हणतात तसं म्हणायचं. नंतर कोण पाळतं?" बोलून गेला आणि त्याला कळलं तो काय बोलला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला.

मी शब्द देणार नाही. एकदा दिलाय, तो अजून त्या कुंपणाशी पडलाय. तुझी कविता मी मराठीत करणार नाही, असं मी काचेच्या आतून तुला सांगणार होते, मोठ्याने. आणि सांगण्याआधी, काय काय लिहिलंय ते एकदा वाचावं म्हणून वरची पानं चाळली.

त्यात सगळं आहे. फोनचा पडदा, दादाचा खांदा, पाटवडी, मला बरं वाटलं ते. साडी नाही, टी-शर्ट आहे. आई पोट भरून उडून गेलेली नाही. आणि मधोमध, माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, मी आईला बोलले ते शब्द. आई, मी परत येते. कायमची येते.

लबाड बाई! मेल्यावरसुद्धा सांगायला लावलंस.

हे मी आज दादाला पाठवणार आहे. तो वाचेल, न वाचेल. पुन्हा दोन हात जोडून पाठवेल, किंवा फोन करेल. फोन केलाच तर मी त्याला म्हणणार आहे, तुझी कविता वाचून तो मला जे बोलला होता ते पुन्हा एकदा सांग म्हणून. तेव्हा मी फक्त माझी बाजू मांडत होते, त्याचं ऐकलंच नव्हतं.

तुझं काम झालं, एडिथ. तुला हवं होतं ते झालं. आता दार उघडून बाहेर जायचं, कविता मराठीत झाली एवढं मोठ्याने तुला सांगायचं, की लगेच ते सगळे ग्रॅकल खाली उतरतील, मला माहीत आहे.

पण मी इतक्यात सांगणार नाही. बस थोडा वेळ उपाशी.